तेजस सिम्युलेटरमध्ये उतरवताना: आधी वही, मग ब्लेंडर

लढाऊ विमान बनवायला घेतलेल्या हौशी माणसाचे पहिले तीन महिने हमखास ब्लेंडरमध्ये, म्हणजे त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जातात. रिव्हेट मोजले जातात, टायरची नक्षी कोरली जाते, कॅनोपीच्या काचेला सोनेरी झाक येते. मग एका रविवारी ते विमान धावपट्टीवर ठेवलं जातं आणि बेडकासारखी उडी मारून चाळीस फुटांवर उलटं होतं. माझंही तसंच झालं. तीन महिन्यांचं काम तसंच ठेवलं आणि नव्यानं सुरुवात केली, ती शंभरपानी वहीनं. हा लेख त्या दुसऱ्या सुरुवातीचा आहे.

विमान तेजस मार्क-१, सिम्युलेटर फ्लाइटगिअर आणि उड्डाणाचं गणित करणारं इंजिन जेएसबीसिम. तिन्ही निवडींना कारण आहे. डीसीएस या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये स्वतःचं उड्डाण-गणित घालायचं तर सी++ लिहावं लागतं. जेएसबीसिममध्ये विमान म्हणजे एक एक्सएमएल फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडते, चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं, आणि सगळं मोफत, मुक्तस्रोत. तेजस निवडलं कारण ते आपल्या ओझरहून उडू लागलं आहे. नाशिकच्या कारखान्यात जुळवलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाश पाहिलं. मिग-२१ आणि सुखोईच्या आवाजावर वाढलेल्या पंचक्रोशीत हे नवीन पाहुणं.

वहीतले तीन रकाने

प्रत्येक आकड्यापुढे एक खूण करा: 'माहीत', 'मोजलं' किंवा 'अंदाज'. अधिकृतरीत्या प्रसिद्ध झालेलं ते माहीत. फोटोवरून किंवा आराखड्यावरून काढलेलं ते मोजलेलं. उरलेलं सगळं अंदाज. आधुनिक लढाऊ विमानात तिसरा रकाना सर्वांत लांब होतो, त्यात लाज वाटायचं काही नाही. फक्त अंदाज 'माहीत'च्या रकान्यात शिरू देऊ नका. सहा महिन्यांनी विमान विचित्र वागायला लागतं तेव्हा कोणता आकडा हलवायचा, हे ही वहीच सांगते.

आणि एक गोष्ट आताच सांगून टाकतो. गोपनीय मॅन्युअलच्या मागे लागू नका, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका. एफ-१६ ची मॅन्युअलं ऑनलाइन लिलावातून अमेरिकेबाहेर नेण्याच्या प्रयत्नाबद्दल एका रशियन सिम्युलेटर-विकासकाला जॉर्जिया देशातून २०१९ मध्ये अमेरिकेत नेऊन त्याच्यावर खटला चालवला गेला. छंदापायी कोर्टाची पायरी कशाला? उघड माहितीवर विमान पुरेसं चांगलं बनतं.

तेजसची 'माहीत' यादी अशी: लांबी १३.२ मीटर, पंखविस्तार ८.२ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ ३८.४ चौरस मीटर, रिकामं वजन सुमारे ६,५६० किलो, उड्डाणाचं कमाल वजन १३,५०० किलो, आतल्या टाक्यांत २,४५८ किलो इंधन. इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४०४-आयएन२०, थ्रस्ट (पुढे ढकलणारं बल) आफ्टरबर्नरसह, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून, ८५ किलोन्यूटनच्या आसपास. गुरुत्वभाराची मर्यादा +८ आणि −३.५ जी (१ जी म्हणजे नेहमीचं गुरुत्वाकर्षण). कमाल वेग माख १.६, म्हणजे ध्वनिवेगाच्या १.६ पट.

या यादीतून आत्ताच एक गणित करून घ्या. पंखविस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ: ६७.२ भागिले ३८.४ म्हणजे १.७५. हा पंखाचा अॅस्पेक्ट रेशो. एफ-१६ चा साधारण ३. तेजस एफ-१६ पेक्षा वेगळं का उडतं, याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

वजन, गुरुत्वमध्य आणि अशक्य विमान

मूळबिंदू नाकाच्या टोकाला धरा. जेएसबीसिमच्या फाइलमध्येही तोच आणि ब्लेंडरमध्येही तोच. जेएसबीसिमच्या मोजमापात एक्स मागच्या दिशेला वाढतो, वाय उजवीकडे आणि झेड वर. हे भिंतीवर लिहून चिकटवा. बलांचं गणित मात्र तो आतल्या आत दुसऱ्या अक्षांवर करतो, तिथे एक्स पुढे आणि झेड खाली. अर्धे लोक इथेच अडकतात.

रिकाम्या विमानाचं वजन एका जागी, पायलट वेगळं बिंदुवजन, इंधनाच्या टाक्या वेगळ्या. इंधन जळताना गुरुत्वमध्य हलला पाहिजे, म्हणून हे वेगळेपण. गुरुत्वमध्य कुठे ते कोणी सांगत नाही, पण चाकं सांगतात. जमिनीवर उभ्या असलेल्या जेटच्या नाकाच्या चाकावर साधारण दहा टक्के भार असतो. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फोटोवरून मोजा, आणि मागच्या चाकांपासून त्याच्या एक-दशांश पुढे खूण करा. सुरुवातीला तेवढं पुरे.

मग जडत्व आघूर्ण, म्हणजे विमान कोणत्या अक्षाभोवती फिरायला किती कुरकुर करतं ते. त्याचे ठोकताळे आहेत. जेट लढाऊ विमानासाठी अनुक्रमे ०.२३, ०.३८ आणि ०.५२ हे गुणक धरतात. लोळण्याच्या अक्षासाठी पंखविस्ताराच्या निम्म्याला ०.२३ नं गुणा, वर्ग करा, वजनानं गुणा. नाक वर-खाली होण्यासाठी लांबीचं निम्मं आणि ०.३८, नाक डावी-उजवीकडे वळण्यासाठी लांबी-विस्ताराच्या सरासरीचं निम्मं आणि ०.५२. रिकाम्या तेजससाठी उत्तरं येतात अंदाजे ५,८००, ४१,३०० आणि ५०,८०० किलो-चौरस मीटर.

इथे थांबा. कोणत्याही घन वस्तूत तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा असू शकत नाही. ५,८०० अधिक ४१,३०० म्हणजे ४७,१००, आणि आपण तर ५०,८०० लिहून बसलो! ठोकताळ्यानं असं विमान दिलं जे या विश्वात बनू शकत नाही. सिम्युलेटर तक्रार करणार नाही, तो मुकाट्यानं उडवेल, फक्त गिरक्या घेताना ते भुतासारखं वागेल. मी तिसरा आकडा ४५,५०० वर आणला. ताळा पाहायला एफ-१६ घ्या. नासाच्या १९७९ च्या अहवालात ९,३०० किलोच्या एफ-१६ साठी १२,८७५, ७५,६७४ आणि ८५,५५२ दिले आहेत. पहिल्या दोघांची बेरीज ८८,५४९, तिसरा त्याहून थोडा कमी. असंच असायला हवं.

चाकं: बेडूकउडी थांबवणे

सुरुवातीला सांगितलेली उडी चाकांच्या स्प्रिंगमुळे येते. हिशोब सोपा आहे. ९,००० किलोच्या विमानाचा ४५ टक्के भार एका मुख्य चाकावर धरा, म्हणजे सुमारे ४०,००० न्यूटन. उभं असताना पाय १५ सेंटिमीटर दबतो असं माना. भाग द्या: २,६५,००० न्यूटन प्रति मीटर. हा स्प्रिंगचा आकडा. डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे शमवणारा रोध, २५,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटरपासून सुरू करा. तेजसची मुख्य चाकं पंखातून नाही, धडातून निघतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर कमी आहे. वळताना विमान थोडं झुकणारच, ते दुरुस्त करायला जाऊ नका.

नाकाचं टोक, पंखांची टोकं, इंजिनाच्या नळीचा खालचा काठ, हे संपर्कबिंदूही लिहा. नळीचा काठ विशेषतः, कारण डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंखाचं विमान नाक बरंच वर करून उतरतं आणि शेपूट घासायचा धोका खरा आहे.

इंजिन

जेएसबीसिमच्या टर्बाइन फाइलमध्ये कोरडा (आफ्टरबर्नरशिवायचा) थ्रस्ट, आफ्टरबर्नरचा थ्रस्ट, बायपास गुणोत्तर (गाभ्याला वळसा घालणारी हवा भागिले गाभ्यातली हवा, एफ-४०४ चं ०.३४) आणि इंधनाचा खप लिहा. माख आणि उंचीनुसार थ्रस्ट कसा बदलतो त्याचे तक्ते सोबतच्या एफ-१६ किंवा एफ-१५ च्या फाइलमधून उसने घेऊन चालतं, वळणांचा आकार फार वेगळा नसतो. मात्र तेजसचं हवा-द्वार स्थिर आहे, हलणारे पाट नाहीत, म्हणून माख १.४ च्या पुढे थ्रस्ट उतरता ठेवा.

ताळा: आफ्टरबर्नर लावून जमिनीलगत उडालात तर या कुळातलं इंजिन मिनिटाला अडीचशे किलोच्या घरात इंधन पितं. दहाएक मिनिटांत आतल्या टाक्या कोरड्या. तुमचं तेजस अर्धा तास आफ्टरबर्नरवर फिरत असेल तर खपाचं एकक चुकलंय.

हवेचं गणित

इथे घाई करू नका. मोफत ओपनव्हीएसपी घ्या, हे नासात तयार झालेलं साधन आहे. त्यात पंख, धड आणि शेपटीचा ढोबळ आकार उभा करा. आतला व्हीएसपीएरो हा गणित सोडवणारा प्रोग्रॅम तुम्हाला लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बलाचा) उतार, एलिव्हॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांची) ताकद, लोळण्याचं आणि नाक फिरण्याचं डॅम्पिंग देतो. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, ज्याला पायलट आल्फा म्हणतात, तो दहा-बारा अंशांपर्यंत असेल तर या आकड्यांवर विश्वास ठेवा. त्यापुढे डेल्टा पंखाच्या धारेवरून भोवरे उठतात आणि जास्तीची लिफ्ट देतात, ती हातानं तक्त्यात घालावी लागते. डेल्टा अचानक स्टॉल होत नाही, म्हणजे त्याची लिफ्ट एकदम कोसळत नाही. लिफ्ट वाढतच जाते, पण ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, भिंतीसारखा उभा राहतो.

तो ड्रॅग किती? आता तो १.७५ परत आणा. लिफ्टमुळे होणारा ड्रॅग अॅस्पेक्ट रेशोच्या व्यस्त प्रमाणात असतो. कार्यक्षमता ०.८ धरली तर लिफ्ट गुणांकाच्या वर्गाला तेजससाठी ०.२२७ नं गुणायचं, एफ-१६ साठी ०.१३३ नं. उदाहरण करून पाहू. समुद्रसपाटी, वेग २०० मीटर प्रति सेकंद, वजन ९,००० किलो, ५ जी चं वळण. वेगामुळे येणारा हवेचा गतिज दाब २४,५०० पास्कल, म्हणून लिफ्ट गुणांक ०.४७. लिफ्टचा ड्रॅग ४७ किलोन्यूटन. मूळ ड्रॅग गुणांक ०.०२२ (माझ्या वहीत 'अंदाज') धरला तर आणखी २१. एकूण ६८. इंजिन हे पेलतं. ६ जी ला हाच हिशोब ८८ वर जातो, म्हणजे इंजिन जवळपास संपलं. तुमचं तेजस या वेगात ७ जी चं वळण वेग न गमावता घेत असेल, तर ते तेजस नाही, इच्छा आहे.

यातून सिम्युलेटरमधली परीक्षाही मिळते: २०० मीटर प्रति सेकंदाला ५ जी म्हणजे सेकंदाला १३.८ अंश. पूर्ण वर्तुळ २६ सेकंदांत. स्टॉपवॉच लावा.

माख १ च्या आसपास मूळ ड्रॅग साधारण दुप्पट करा. आणखी एक तक्ता विसरू नका: ध्वनिवेग ओलांडला की लिफ्टचा मध्य मागे सरकतो. हळू उडताना अस्थिर असलेलं विमान वेगात हट्टी, जड नाकाचं होतं.

अस्थिर विमानाला शिस्त

तेजस मुद्दाम अस्थिर बनवलं आहे. जुन्या, स्थिर डेल्टा विमानाला नाक वर धरायला मागचे एलिव्हॉन वर उचलावे लागत, म्हणजे पंखाचा मागचा भाग खाली दाबायचा आणि त्याच वेळी उतरण्यासाठी लिफ्टही मागायची. गुरुत्वमध्य मागे नेला की हा तोटा जातो. पण मग माणसाच्या हाताला ते सांभाळवत नाही, म्हणून चौपदरी डिजिटल फ्लाय-बाय-वायर, म्हणजे स्टिक आणि एलिव्हॉन यांच्या मधे बसलेली संगणकाची नियंत्रण-प्रणाली. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगळूरूत पहिलं तेजस उडवलं, तेव्हा पणाला लागली होती ती मुख्यतः ही नियंत्रण-प्रणाली.

आपण मात्र उलट्या क्रमानं जायचं. आधी गुरुत्वमध्य पुढे ठेवून विमान स्थिर बनवा. प्रणालीशिवाय उडवा, उतरवा. मग एकेक थर चढवा.

पहिला थर म्हणजे एलिव्हॉनचं मिश्रण. डावा म्हणजे पिच (नाक वर-खाली) अधिक रोल (लोळणं), उजवा म्हणजे पिच उणे रोल, आणि दोन्हींना मर्यादा. दोन्ही आज्ञा एकदम आल्या की कोणाला आधी जागा द्यायची ते आताच ठरवा. मी पिचला देतो, कारण नाक हाताबाहेर गेलं तर रोलचं काय करायचं?

दुसरा थर ॲक्च्युएटर. खरी हायड्रॉलिक दांडी क्षणात फिरत नाही. एफ-१६ च्या नासा-प्रतिमानात आडवी शेपटी सेकंदाला ६० अंशांनी फिरते. तोच आकडा उसना घ्या. हा थर विसरलात तर पुढचं सगळं खोटं सोपं वाटतं.

तिसरा थर पिचचा वेग मोजून उलट एलिव्हॉन देणं. इथे चिन्ह चुकतं, प्रत्येकाचं चुकतं. जेएसबीसिममध्ये एलिव्हॉनची मागची कड खाली गेली तर कोन धन, आणि नाक खाली. स्टिक मागे ओढली तर आज्ञा ऋण. म्हणून नाक वर फिरत असताना दुरुस्ती धन हवी. उलटं झालं तर चाकं सुटताच विमान कोलांटी मारतं. तसं दिसलं की बाकी काही शोधू नका, फक्त ते चिन्ह पाहा.

चौथ्या थरात स्टिकचा अर्थ बदलतो. स्टिक आता पृष्ठभाग हलवत नाही, जी मागते. मागितलेला जी आणि मिळालेला जी यांतला फरक पीआयडी घटकाकडे, म्हणजे तो फरक मिटवणाऱ्या नियंत्रकाकडे, द्या. कमी वेगात जी चा अर्थ राहत नाही, म्हणून तिथे आल्फाची आज्ञा. दोहोंच्या मध्ये हळूहळू सरकणारं मिश्रण ठेवा, एकदम बदलणारा स्विच ठेवलात तर उतरतानाच नाक झटका देईल. वर आल्फाची मर्यादा, ८ जी ची मर्यादा. चाकं जमिनीवर असताना पीआयडीनं साठवत नेलेला फरक शून्य करा, नाहीतर धावपट्टीवर थांबलेलं असताना तो रागावत राहतो आणि उड्डाणाच्या क्षणी सगळा राग काढतो.

आता गुरुत्वमध्य (पंखाच्या सरासरी रुंदीच्या) एकेक टक्का मागे सरकवा. प्रत्येक टप्प्यावर उडवा. दोन-तीन टक्के अस्थिरतेवर थांबा. फ्लाइटगिअर जेएसबीसिमला सेकंदाला १२० वेळा चालवतो, यापेक्षा जास्त अस्थिर विमान त्या गतीत सांभाळताना कुरकुर ऐकू येते.

पंखाच्या पुढच्या धारेच्या स्लॅट (हलत्या पट्ट्या) आल्फानुसार आपोआप उघडायला लावा. एक तक्ता, पाच ओळी.

न उडवता चाचणी

जेएसबीसिम एकटाही चालतो, आणि पायथॉनमधूनही. 'एकदम अर्धी स्टिक मागे, पाच सेकंद' अशी स्क्रिप्ट लिहा, उत्तर सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या फाइलीत) घ्या, आलेख काढा. जी चढून स्थिरावला पाहिजे, दोनदा डोलून थांबला तर ठीक, डोलतच राहिला तर गेन (दुरुस्तीचा गुणक) कमी करा. संध्याकाळभर जॉयस्टिक धरून जे कळत नाही ते या आलेखात दहा मिनिटांत दिसतं.

मग ओझरवर या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. मे महिन्यातले ३५ अंश घाला, हवा प्रमाण घनतेपेक्षा तेरा टक्के विरळ होते, आणि जमीन सोडायचा वेग सात टक्के वाढतो. तसं झालं तर तुमचा हवेचा हिशोब नीट लागलाय. उतरताना ७,५०० किलो वजन आणि ७० मीटर प्रति सेकंद वेगाला आल्फा तेरा ते पंधरा अंशांत यायला हवा.

आता ब्लेंडर

तीन बाजूंचा आराखडा पार्श्वभूमीला लावा, पण त्यावर विसंबू नका. इंटरनेटवरच्या आराखड्यांत लांबी आणि पंखविस्ताराचं प्रमाण सर्रास चुकलेलं असतं. आधी १३.२ भागिले ८.२ करून पाहा. दुरून, लांब लेन्सनं काढलेले फोटो वापरा, जवळच्या फोटोत नाक फुगतं. एलिव्हॉन, स्लॅट, रडर, एअरब्रेक, चाकं, त्यांचे दरवाजे, कॅनोपी असं हलणारं सगळं वेगळं ऑब्जेक्ट, आणि नावं साधी. बिजागरीची रेष दोन बिंदूंनी द्यायची असते, ते बिंदू ब्लेंडरमधून वाचून वहीत लिहा. एसी स्वरूपात निर्यात, मग एक्सएमएलमधून प्रत्येक भाग जेएसबीसिमच्या खऱ्या कोनाला बांधा, स्टिकला नाही. म्हणजे स्टिक स्थिर असतानाही एलिव्हॉन थरथरताना दिसतात. अस्थिर विमान असंच दिसतं, आणि बघणाऱ्याला पहिल्यांदा 'अरे वा' तिथेच म्हणावंसं वाटतं.

कॉकपिटमध्ये तीन चौकोनी पडदे आणि समोर चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेनं घडवलेला हड, म्हणजे नजरेसमोरच्या काचेवर आकडे उमटवणारं उपकरण. पडदे फ्लाइटगिअरच्या नॅसल भाषेत, त्याच्या कॅनव्हास या चित्र काढायच्या सोयीवर. हडचं वेगचिन्ह, म्हणजे विमान खरोखर जिकडे चाललंय तो छोटा गोल, आल्फा आणि बाजूच्या घसरकोनावरून काढा. परीक्षा: तो गोल धावपट्टीच्या उंबरठ्यावर ठेवून स्थिर उतरत राहा. चाकं दुसरीकडे टेकली तर डोळ्याची जागा किंवा हडचं प्रमाण चुकलंय.

शस्त्रांबद्दल थोडक्यात: प्रत्येक टांगणी म्हणजे बिंदुवजन आणि ड्रॅगची भर. आर-७३ क्षेपणास्त्र १०५ किलोचं. पंखाच्या एका बाजूचं सोडलं की विमान दुसऱ्या बाजूला किंचित झुकलं पाहिजे आणि प्रणालीनं ते सावरलं पाहिजे. जीएसएच-२३ तोफेत २२० गोळ्या, त्या मोजून संपू द्या. क्षेपणास्त्राचा पल्ला आणि रडारची नजर यांच्याबाबत माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा उचलू नका. तो आकडा उंचावरून, समोरून येणाऱ्या लक्ष्याला असतो. खाली, पाठलाग करताना तो कितीतरी आक्रसतो. क्षेपणास्त्रालाही थ्रस्ट, ड्रॅग आणि वजन द्या, पल्ला आपोआप निघेल.

प्रसिद्ध करताना जीपीएल हा मुक्तस्रोत परवाना लावा, आणि दुसऱ्याच्या विमानातून उचललेले तक्ते, आवाज, पोत कोणाचे ते लिहा. वहीही टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, तिन्ही रकान्यांसकट. माझ्या पहिल्या आवृत्तीनंतर आठवड्याभरात एकानं कळवलं की मूळ ड्रॅगचा ०.०२२ त्याला कमी वाटतो, आणि टांगण्या रिकाम्या असल्या तरी त्यांच्या पट्ट्यांचा ड्रॅग मी धरलाच नव्हता. तो रकाना आता ०.०२४ आहे. अजून 'अंदाज'च.